‘काहीतरी मोठं करायचंय’ला माप लावताना

आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथवर धातू कातण्याचा, कोर्स करून नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा सुपरवायझरने चहाच्या टपरीवर विचारलं होतं, "पुढं काय ठरवलंय?" मी म्हटलं, "साहेब, काहीतरी मोठं करायचंय." त्यांनी जॉब कार्ड, म्हणजे कामाचा तपशील असलेला कागद, उलटं केलं, त्यावर ‘चांगला शाफ्ट (गोल दांडा) बनवा’ असं लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. "घे, बनव."

मी हसलो. ते हसले नाहीत.

ड्रॉइंगवर ‘चांगला’ असं कधी लिहिलेलं नसतं. व्यास २५ मिमी, अधिक-उणे ०.०२, असं असतं. शिवाय एवढ्या बारीक मापाला व्हर्नियरच्या भरवशावर राहत नाहीत, मायक्रोमीटर घ्यावा लागतो. म्हणजे माप हवं, सूट किती ते हवं आणि तपासायचं कशाने तेही आधी ठरलेलं हवं. माझ्या ‘मोठं’मध्ये यातलं एकही नव्हतं.

बऱ्याच खोदकामानंतर कळलं, मला मशीनवरून क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात, जायचं होतं. पण जागा निघणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून ते ध्येय मी वहीच्या कोपऱ्यात ठेवलं. हातातलं खाली लिहिलं: ‘मार्चअखेर आपल्या लाइनवरच्या कुठल्याही जॉबचं (बनवायच्या भागाचं) ड्रॉइंग कोणाला न विचारता वाचता आलं पाहिजे, भौमितिक टॉलरन्सच्या (आकार-सरळपणात किती सूट चालेल ते सांगणाऱ्या) चिन्हांसकट.’

मग मोठी चूक केली. ‘रोज चार तास अभ्यास’ असं लिहून सिडकोतल्या खोलीत भिंतीवर चिकटवलं. फर्स्ट शिफ्टचा आठवडा झकास गेला. थर्ड शिफ्ट लागली आणि सकाळी खोलीवर येऊन बुटांसकट झोपलो. तीन दिवस बुडाले, चौथ्या दिवशी कागदच फाडला. आळस म्हणून स्वतःला शिव्याही घातल्या. खरं तर चूक मापाची होती. सूटच न ठेवता माप दिलं, तर निम्मा माल रिजेक्शनच्या पेटीत जाणार, हे मशीनवर मला रोज दिसत होतं. नवीन कागदावर लिहिलं: आठवड्याला पाच बैठका, एक कमी-जास्त चालेल. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात दोनच, त्याही फक्त उजळणीच्या. बैठक पाऊण तासाची. झाली की कालनिर्णयवर फुली.

तपासणीसाठी प्लग गेजची, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या दोन टोकांच्या दांड्याची, युक्ती कामी आली. भोकात ‘गो’ बाजू गेली पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. मधलं ‘बरंय की’ चालत नाही. ‘इंग्रजी सुधारायचंय’ याला गेजच लागत नाही. ‘इन्स्पेक्शन रिपोर्टमधल्या शेऱ्याच्या चार ओळी स्वतः लिहायच्या आणि क्वालिटीवाल्यांनी त्या न खोडता सही करायची’ याला लागतं. माझ्या पहिल्या रिपोर्टवर तीन ठिकाणी लाल पेन फिरलं. म्हणजे नो-गो. वाईट वाटलं, पण पुढं काय शिकायचं ते नेमकं कळलं.

ट्रेनिंगमध्ये ‘स्मार्ट’ (SMART) ध्येयांची स्लाइड दाखवतात: ध्येय कसं असावं याचे पाच निकष, एकेका इंग्रजी अक्षरावर. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ती कल्पना आहे, आणि चांगली आहे. मला मात्र पाच अक्षरांपेक्षा तो शाफ्टच लक्षात राहिला.

ड्रॉइंगचं काम मार्चऐवजी मेमध्ये जमलं. क्वालिटीतली जागा त्यानंतर वर्षाने निघाली. तेव्हा चिन्हं पाठ होती, एवढंच माझं त्यात कर्तृत्व.

गेल्या महिन्यात एक नवीन पोरगा म्हणाला, "दादा, सीएनसी शिकायचंय." सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारी मशीनं. मी विचारलं, कोणतं मशीन, त्यातलं काय, कधीपर्यंत? गप्प बसला. सोमवारी चिठ्ठी घेऊन आला: ‘दिवाळीपर्यंत टर्निंग सेंटरवर (सीएनसी लेथवर) टूल ऑफसेट (हत्याराच्या जागेचं माप) स्वतः द्यायचा, पहिला जॉब मापात निघाला पाहिजे. रोज एक तास.’

मी ‘रोज’ला गोल केला आणि विचारलं, "तुझी थर्ड शिफ्ट कधी लागतेय?"