या चुका टाळा: संकनपासून पंपरूमपर्यंत

बाथरूमच्या संकनमध्ये, म्हणजे स्लॅबच्या खाली दाबलेल्या भागात, पाणी भरायचं, गळत नाही ना बघायचं (हेच पाँडिंग), मग ब्रिकबॅट, म्हणजे विटांचे तुकडे, भरून वर सिमेंटचा कोबा करायचा. एवढं साधं काम. तरी ताबा दिल्यावर खालच्या फ्लॅटच्या छताला ओला डाग पडतोच, आणि साइटवरचा पोरगा मोबाईल पुढे करतो, "सर, पाँडिंग केलं होतं. हा बघा फोटो."

फोटोत पाणी दिसतं. रात्री वॉचमनने त्यात पाइप सोडला होता की नाही, ते दिसत नाही. मी पाण्याच्या पातळीला भिंतीवर ऑइल पेंटची रेघ मारतो, बाजूला तारीख-वेळ लिहितो आणि शेजारी एक भरलेली बादली ठेवतो. उन्हाळ्यात पाणी उडतंच. बादलीत उतरलं साधारण तेवढंच संकनमध्ये उतरलं असेल तर ठीक. निदान ४८ तास ठेवा. आणि नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबू नका, टेस्ट प्लग मिळतो, तो लावा.

वाकडच्या एका टॉवरमध्ये मात्र पाँडिंग खरोखरच नीट झालं होतं. तरी ताब्यानंतर एकाच लाइनीतले फ्लॅट खाली गळायला लागले. वॉटरप्रूफिंगवाला प्लंबरकडे बोट दाखवतो, प्लंबर टाइल्सवाल्याकडे. टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरून झालं, सोसायटीच्या सभेत आवाज चढून झाले. शेवटी टाइल्स उचकटल्या. खाली वाटा, म्हणजे भिंत आणि तळ जोडणारा सिमेंटचा गोलसर कोपरा, छिन्नीने फोडलेला! टेस्ट झाल्यावर कुणीतरी त्या लाइनीत कमोडची जागा बदलायचं ठरवलं, प्लंबरने आउटलेट सरकवलं, फोडलेल्या जागी सिमेंटचा गोळा थापला आणि दुसऱ्या दिवशी कोबा पडला. टेस्टचा कागद खोटा नव्हता. टेस्टनंतर तिथे छिन्नी कुणी चालवली, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून माझ्या साइटवर पाणी दोनदा भरतात: वॉटरप्रूफिंगचं कोटिंग झाल्यावर एकदा, आणि प्लंबिंग संपल्यावर कोब्याआधी पुन्हा. मधल्या काळात दाराला फळी ठोकलेली. आत जायचं तर सुपरवायझरला विचारून, रजिस्टरात सही करून. ठेकेदार कुरकुरतो, "साहेब, स्लॅबमागे दोन-दोन दिवस जातात." जाऊ देत. रेरा कायद्याच्या कलम १४(३)प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत असा दोष कळवला की ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि तोपर्यंत वर लोक राहायला आलेले असतात.

आता डक्ट, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेली उभी पोकळी. उघड्या डक्टवर प्लायचा तुकडा नुसता टाकून ठेवतात. कुणाला तरी प्लाय हवा असतो. तो वाकून दोन्ही हातांनी तो उचलतो, छातीशी धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. पायाखाली काय आहे ते त्याला दिसतच नाही. प्लाय खिळे मारून बसवा, वर लाल रंगाने "खाली डक्ट" लिहा, बाजूने रेलिंग घाला. राउंडला मी प्रत्येक फळी बाजूला उभं राहून बुटाने ढकलतो. हलली तर त्या मजल्याचं काम थांबतं, मग मुकादम कितीही तोंड वाकडं करो.

सेफ्टी बेल्ट कमरेला आणि हुक हवेत लोंबकळतोय: असा माणूस परांचीवरून लगेच खाली.

कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर धरणारे ठोकळे) संपले म्हणून सळईखाली खडी सरकवणाऱ्या फिटरशी वाद घालत बसू नका, काँक्रीट थांबवा. तयार काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडणाऱ्याशीही तेच.

टेके, म्हणजे स्लॅबखालचे आधार, काढायची घाई सगळ्यांनाच असते. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटच्या स्लॅबला ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनसाठी किमान ७ दिवस आणि त्यापुढे १४ दिवस सांगतं. फ्लाय ॲशचं सिमेंट असेल तर त्याहून जास्त थांबा. तोवर काँक्रीट ओलं ठेवायचं असतं, पण "पाणी मारलंय" या शब्दावर माझा विश्वास नाही. मी वर टाकलेलं गोणपाट हाताने दाबून बघतो.

राहिला ताबा. कमिटीला चाव्यांचा जुडगा आणि जाड फाइल द्यायची, पेढे वाटायचे, निघायचं, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. अशा पंपरूममध्ये फायर पंपाचा सिलेक्टर स्विच हमखास 'मॅन्युअल'वर सापडतो, कारण टेस्टिंगच्या वेळी कुणीतरी तो फिरवलेला असतो. कमिटीतल्या दोघांना खाली न्या. स्विच 'ऑटो'वर करा, वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडा. दाब उतरला की आधी जॉकी पंप (दाब टिकवणारा छोटा पंप), मग मेन पंप आपोआप सुरू व्हायला हवा. ते त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ द्या, आणि मेन पंप बंद त्यांच्याच हाताने करवून घ्या. अग्निसुरक्षेचा 'ब' नमुना (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, हेही तिथेच सांगा. फाइलमधलं कुणी वाचत नाही.

ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधलं तसं दाखवणारं) ड्रॉइंग म्हणून जुन्याच ड्रॉइंगवर नवा शिक्का मारून देणारे खूप आहेत. मी प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो घ्यायला लावतो, फ्लॅट नंबर खडूने भिंतीवरच लिहून. टीव्हीसाठी ड्रिल मारायच्या आधी मालकाने तेवढा बघितला तरी पुरतं.