जुन्या चर्चच्या देखभालीसाठी लोकवर्गणी कशी उभारावी

जुन्या चर्चची खरी हानी पाणी करते. कौल सरकते, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरते आणि वाशांची भिंतीत रुतलेली टोके आतल्या आत कुजू लागतात. म्हणून वर्गणीचे काम छपरापासून सुरू करावे. ‘जीर्णोद्धारासाठी सढळ हाताने मदत करा’ एवढ्याने फारसे कोणी हलत नाही. ‘उत्तरेकडची पन्हळ बदलायची आहे, तिच्याखालची भिंत ओली आहे, हा तिचा फोटो’ असे सांगितले की लोक देतात.

१. पाहणी. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून लेखी अहवाल घ्या. कामांचे तीन गट करा: ताबडतोब, वर्षभरात, पाच वर्षांत. इमारत वारसा यादीत असेल तर सरकारी परवानगी आणि धर्मप्रांताची संमती याच टप्प्यावर मागा. अनुदान देणाऱ्या बहुतेक संस्था आधीच सुरू झालेल्या कामाला पैसे देत नाहीत, त्यामुळे घाईने परांची बांधली तर मिळू शकणारे अनुदान हातचे जाते.

२. अंदाजपत्रक. किमान तीन दरपत्रके मागवा. परांची, वास्तुविशारदाचे शुल्क आणि कर हमखास विसरले जातात, ते धरा. वर १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा, कारण कुजलेले लाकूड छप्पर उघडल्यावरच दिसते.

३. हिशेबाची शिस्त. पहिला पैसा येण्याआधी स्वतंत्र बँक खाते उघडा आणि दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सोय करा. दानपेटी मोजताना एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोन व्यक्ती हव्यात. प्रत्येक देणगीला पावती द्या. आवाहनातच एक वाक्य छापा: रक्कम जास्त जमली किंवा काम रद्द झाले, तर पैसे इमारतीच्या इतर दुरुस्तीला वापरले जातील. हे वाक्य नसेल तर छपरासाठी आलेला पैसा घंटाघराला वापरताना वाद उभा राहतो, आणि तो रास्तच असतो.

४. आधी भेटी, मग जाहीर आवाहन. बहुतेक समित्या इथेच चुकतात. पहिल्याच रविवारी घोषणा झाली की मोठी देणगी देऊ शकणारे घरही इतरांइतकीच रक्कम पाकिटात घालते आणि आपला वाटा दिला असे मानते. उद्दिष्ट १०० धरले तर १५ची एक, १०च्या दोन आणि ५च्या तीन अशा सहा देणग्यांतून निम्मी रक्कम उभी राहते. त्यासाठी अठरा-वीस घरांची यादी करा, कारण प्रत्येक जण हो म्हणत नाही. दोघांनी मिळून जा, अहवाल आणि फोटो दाखवा, नेमकी रक्कम मागा आणि मग गप्प बसा. समोरच्याला विचार करू द्या. ४०–५० टक्के रकमेची खात्री झाली की जाहीर आवाहन करा. फलकावर निम्मा आकडा भरलेला दिसला की लहान देणगीदारालाही काम पूर्ण होईल असा भरवसा येतो.

चर्चला कधीच न येणाऱ्यांनाही विचारा. त्यांच्या आजी-आजोबांची लग्ने तिथे झालेली असतात, दफनभूमीत त्यांची माणसे असतात. परगावी गेलेल्यांना तर कुणी विचारलेलेच नसते.

५. कार्यक्रम. संगीतसभा, घंटाघराची सफर, जुन्या नोंदवह्यांचे प्रदर्शन यांतून पैसा बेताचाच येतो. खर्च वजा करूनच आकडा सांगा. खरा लाभ नवी माणसे जोडली जाण्याचा, म्हणून दारात नाव-फोन लिहून घ्यायला वही ठेवा आणि त्यांना पुन्हा कळवायची परवानगी विचारा.

६. वस्तुरूप मदत. फुकट सिमेंट किंवा प्लास्टिक रंग देऊ केला तर आभार मानून नाकारा. चुन्याच्या भिंतीतली ओल चुन्यावाटे सुकते. सिमेंट ती कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्याच दात्याकडून चुना, वाळू किंवा वाहतूक घ्या.

७. कायमची गंगाजळी. १९६४च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात, वास्तूंची देखभाल अखंड चालू राहणे अत्यावश्यक मानले आहे. त्यासाठी दरमहा ठरावीक लहान रक्कम देणारी घरे हवीत. वर्षातून दोनदा पन्हळी साफ करणे, सरकलेली कौले बसवणे, भिंतीत रुजलेली रोपटी काढणे हा खर्च त्यातून भागवा. देणगीदाराला आठवडाभरात आभाराचे पत्र आणि काम संपल्यावर फोटोसह पूर्ण हिशेब पाठवा. पुढची मागणी त्यानंतरच.