लहान पोराला सायकलवर घ्यायचंय? पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

आधी एक सांगतो, म्हणजे काहींचे पैसे इथेच वाचतील. मूल साधारण वर्षाचं होईपर्यंत सायकलवर बसवायचं नाही, सीट कितीही भारी असली तरी. त्याला आधाराशिवाय नीट बसता आलं पाहिजे आणि डोक्यावर हेल्मेट चढवल्यावर मान ताठ राहिली पाहिजे. त्यानंतरही आधी सोसायटीच्या आत, मग रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर. संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर मी एकटा पण सायकल घालत नाही, पोराला घेऊन तर विषयच सोडा.

आता सामान. माझा हिशोब सरळ आहे, पोराच्या डोक्याला, पायाला आणि पट्ट्याला जे लागतं ते चांगलं आणि शक्यतो नवं घ्यायचं, बाकी सगळं जुनं, मागून आणलेलं, घरात पडलेलं चालतं. लोक नेमकं उलटं करतात, वीस हजाराची गिअरची सायकल घेतात आणि हेल्मेट सिग्नलवरचं.

सायकलीपासूनच सुरू करू, कारण ती बहुतेक वेळा घ्यावीच लागत नाही. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली साधी स्टीलची सायकल असेल तर तीच बाहेर काढा, त्यात लेडीज सायकल असेल तर सोन्याहून पिवळं. कारण मागे पोर बसलं की पाय मागून फिरवून चढता येत नाही, मधला दांडा खाली असलेल्या सायकलीवर समोरून चढता येतं. मागे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेली सायकल नको, कार्बन फ्रेम पण नको, बहुतेक सीटवाले त्याला स्पष्ट नाही म्हणतात. जुन्या काळ्या सायकलीचा डबल स्टँड मिळाला तर बसवून घ्या. पोर उभ्या सायकलीवरून पडायची भीती पण मोठी असते, आपण पिशवी उचलायला वळतो, एका पायाचा स्टँड सरकतो आणि सायकल पोरासकट आडवी. स्टँड कुठलाही असो, पोर वर बसलंय तोपर्यंत एक हात सायकलीवर पाहिजेच.

मग तीच सायकल कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्या आणि पुढचे मागचे ब्रेकचे रबर, दोन्ही ब्रेक वायर बदलून घ्या. किरकोळ खर्च आहे, पण पोर आणि सीट मिळून पंधरा-अठरा किलो वाढलेले असतात, उतारावर ते लगेच जाणवतं.

सीट पुढे घ्यायची का मागे? पुढची साधारण 15 किलोपर्यंत चालते, मागची 22 किलोपर्यंत, युरोपियन स्टँडर्डच्या सीटवर हे आकडे छापलेले असतात. पुढे बसलेलं पोर दिसतं, बोलतं, कुत्रा दाखवतं, सगळं मस्त, पण दोन-तीन वर्षात ते मावत नाही आणि आपले गुडघे बाहेर काढून पेडल मारावं लागतं. एकच सीट घ्यायचं बजेट असेल तर मागची घ्या, शाळेपर्यंत पुरते. दुकानात मिळते ती मधल्या दांड्यावर बसवायची छोटी सीट, पाठ नाही, पट्टा नाही, ती मोठ्या आणि नीट धरून बसणाऱ्या मुलाला गल्लीत ठीक आहे, दीड वर्षाच्या पोराला नाही.

मागच्या सीटमध्ये दोन प्रकार. एक फ्रेमच्या नळीला क्लॅम्पने लागते, एक कॅरिअरवर बसते. कॅरिअरवाली घ्यायची असेल तर आधी कॅरिअर बघा, त्यावर 25 किलो असं ठोकलेलं पाहिजे आणि ते खाली चाकाच्या अ‍ॅक्सलजवळ दोन्ही बाजूंनी टेकलेलं पाहिजे. ऑनलाइन ते सीटच्या पाईपला एकाच क्लॅम्पवर लटकणारं अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर मिळतं बघा, त्यावर पोर बसवू नका, जाहिरातीत कितीही किलो लिहिलेले असोत. सगळं वजन एका क्लॅम्पवर येतं, खड्ड्यात ते फिरतं.

सीट सेकंडहँड घ्यायला माझी काहीच हरकत नाही, ओएलएक्सवर असतात, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तर कधीकधी फुकटात पण मिळते. फक्त बघून घ्या. बाल्कनीत उन्हात दोन वर्षं पडलेलं प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, बोल्टच्या भोकाभोवती बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या की नमस्कार करून परत या. पट्टा खांद्यावरून येणारा पाहिजे, नुसता कंबरेचा नको, आणि बक्कल दहा वेळा लावून काढून बघा. झोपलेलं पोर कंबरेच्या पट्ट्यातून कसं बाजूला लोंबतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पट्टा नाही म्हणून ओढणीने पोराला आपल्या कंबरेला बांधायची पद्धत आहे आपल्याकडे, पण ओढणीचं टोक सुटून चाकात गेलं तर काय होईल याचा विचार करा.

आता पायाचं, आणि इथे थोडं थांबतो कारण याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. कॅरिअरवर बसलेल्या मुलाचा पाय तारांमध्ये जाऊन टाच सोलली जाणं हा आपल्याकडे अगदी नेहमीचा अपघात आहे, हाडांच्या डॉक्टरांना विचारा. चाक पाय आत ओढतं आणि फ्रेमच्या नळीत अडकवतं, नुसतं खरचटण्यावर भागत नाही, कधी कातडी जाते कधी हाड मोडतं. त्यामुळे सीटला पाय ठेवायला खोलगट जागा आणि वरून पट्टी पाहिजे. जुन्या सीटची ही पट्टीच हमखास हरवलेली असते, मोच्याकडे जा, रेक्झिनची किंवा नायलॉनची पट्टी शिवून देतो. शिवाय चाकावर साडी गार्ड लावून घ्या, दोन्ही बाजूंनी. मोठ्या मुलाला नुसत्या कॅरिअरवर बसवत असाल तर गादी, पाय ठेवायला दोन दांड्या आणि साडी गार्ड एवढं तरी हवंच. आपल्या स्वतःच्या सीटखाली उघड्या स्प्रिंगा असतील तर त्या पण झाका, मागे बसलेलं पोर नेमकी तिथेच बोटं घालतं आणि आपण खड्ड्यात दणकन बसतो. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तरी चालतो, पंक्चरवाला असाच देईल.

सीट बसवताना मुलाचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या फार मागे जाऊ देऊ नका, 10 सेंटिमीटरच्या आत पाहिजे, नाहीतर चढावर हँडल हलकं पडतं. बोल्टला नायलॉनवाला नट (आत नायलॉनचं कडं असतं, सहज सैल होत नाही) वापरा, आठवड्याने सगळे बोल्ट परत आवळा आणि पावसाळ्यानंतर गंज बघा. गादी काढता येणारी असेल तर पावसात घरात आणा, नाहीतर महिनाभर कुबट वास. मागचा लाल लाईट सीटमागे झाकला जातो, तो काढून सीटलाच लावा.

हेल्मेट मात्र नवं. सेकंडहँड नको, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचं आतलं थर्माकोल दबलेलं असतं आणि वरून काही कळत नाही. फार महाग लागत नाही, हजाराच्या आसपास बरं मिळतं, आत EN 1078 (युरोपचं स्टँडर्ड) किंवा CPSC (अमेरिकेचं) लिहिलंय का बघा. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर टेपने मोजून जा. घातल्यावर भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं नको, पट्टे कानाखाली मिळाले पाहिजेत आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. पोराला जोरात "नाही नाही" अशी मान हलवायला सांगा, ते त्यांना छान जमतं, हेल्मेट फिरलं तर दुसरं बघा. मागून फुगीर हेल्मेट घेतलं तर उंच पाठीच्या सीटमध्ये मान पुढे ढकलली जाते, म्हणून मागून सपाट बघा. केसांच्या क्लिपा आणि वर बांधलेला बो काढून मगच. आणि बागेत पोचल्यावर घसरगुंडीवर सोडायच्या आधी हेल्मेट काढा, पट्टा कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

हे हेल्मेट EN 1078 चं असेल तर स्कूटरवर पण कामाला येतं. 2022 च्या केंद्राच्या नियमात दुचाकीवर 4 वर्षांखालच्या मुलाला चालकाला बांधणारा पट्टा आणि 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला हेल्मेट सांगितलंय, त्यात ठराविक स्टँडर्डचं सायकलचं हेल्मेट चालतं, स्पीड मात्र 40 च्या आत.

आता त्याची स्वतःची सायकल. दोन-अडीच वर्षाला बॅलन्स बाईक (पेडल नसलेली, पायाने ढकलायची सायकल) म्हणून चार-पाच हजार घालवायची गरज नाही. 12 इंची जुनी सायकल घ्या, बाजूची छोटी चाकं काढा, पेडल काढा, सीट पूर्ण खाली. डावं पेडल उलट आट्याचं असतं, सुटायला घड्याळाच्या दिशेने फिरवा, नाहीतर जोर लावून आटे घालवाल. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले की झालं. पार्किंगमध्ये पाय मारत मारत तोल आला की पेडल परत लावा, बाजूची चाकं लागतच नाहीत बऱ्याच मुलांना.

पुढचे साइज साधारण असे, 14 इंची तीन ते पाच वर्षं, 16 इंची चार ते सहा, 20 इंची सहाच्या पुढे, पण वयापेक्षा पायाची लांबी बघा. आणि युनिफॉर्मसारखी वाढत्या अंगाची घेऊ नका, दसऱ्याला हौसेने आजोबा 20 इंची आणतात आणि पाच वर्षाचं पोर वर्षभर तिच्याकडे बघत बसतं. दुकानात सायकल उचलून बघा, ब्रेक त्याच्याच बोटांनी दाबायला लावा. जड असेल आणि ब्रेक दाबलाच जात नसेल तर कार्टूनचे स्टिकर, बास्केट, घंटा सगळं फुकट आहे.

सीट लहान झाली की पुढच्याला द्या, पण क्लॅम्प, बोल्ट, वॉशर एका पिशवीत घालून सीटलाच बांधून द्या, कारण हरवलेला एक क्लॅम्प बाजारात सुटा मिळत नाही आणि तेवढ्यासाठी चांगली सीट भंगारात जाते.