‘हेअरस्प्रे’ मुलांना दाखवायचा असेल तर आधी मॅडिसन शिकवा

पंचवटीत माझा नाचाचा क्लास आहे. मे महिन्याच्या बॅचला मी दरवर्षी ‘हेअरस्प्रे’ हा अमेरिकन सिनेमा दाखवते. कुणाला आपल्या सोसायटीत किंवा शाळेत दाखवायचा असेल, तर माझी पद्धत सांगते.

या नावाचे सिनेमे दोन. जॉन वॉटर्सचा १९८८ चा, आणि ब्रॉडवेच्या संगीतिकेवरून केलेला २००७ चा. दुसऱ्यात पात्रंच गातात. मी पहिला दाखवते, कारण त्यात जुन्या रेकॉर्डवर पोरं नाचतात आणि ते नाच शिकता येतात. दीड तासाचा आहे. बारा वर्षांच्या पुढच्यांनाच बसवा.

पहिल्या वर्षी मी सुरुवातीलाच वर्णभेदावर वीस मिनिटं बोलले. मुलं अवघडून बसली, विनोदालाही हसेनात. तेव्हापासून आधी पाय हलवून घेते. सिनेमातल्या नाचांपैकी मॅडिसन सगळ्यांत सोपा. सगळ्यांनी ओळीत, एकाच दिशेला तोंड करून उभं राहायचं. एकला डावा पाय पुढे. दोनला उजवा त्याच्याशेजारी आणून टाळी, पण त्यावर भार द्यायचा नाही. तीनला उजवा मागे. आता सगळा भार उजव्यावर ठेवून डावा पाय चारला उजव्यावरून आडवा, पाचला डावीकडे बाहेर, सहाला पुन्हा आडवा. झाल्या सहा मात्रा. मध्येच एक जण पुढची चाल पुकारतो आणि सगळी ओळ बदलते. लेझीम खेळलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही, शिट्टीवर चाल बदलायची त्यांना सवय असते. टाळी दोनवर पडेपर्यंत सोडू नका.

मग सिनेमा लावा. १९६२ चं बाल्टिमोर. अंगाने जाड, डोक्यावर केसांचा डोंगर केलेली ट्रेसी टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात शिरते. तिची आई एडना पडद्यावर आली की मुलं कुजबुजतात, कारण ते काम डिव्हाइन या पुरुष नटाने केलंय. गौळणीतल्या मावशीची आठवण करून द्या. सगळंच मुद्दाम भडक आहे हे त्यांना तेवढ्यावरून कळतं. त्याच नटाने वाहिनीचा वर्णद्वेष्टा मालकही केलाय. ते मात्र सांगू नका, त्यांना शोधू द्या.

एकाच ठिकाणी थांबवा. कार्यक्रमात यायला आलेल्या कृष्णवर्णीय मुलीला नकार मिळतो, तुमच्यासाठी महिन्यातला एक दिवस आहे ना, म्हणून. इथे मी काहीच बोलत नाही, फक्त विचारते, “तिच्या जागी तू असतीस तर त्या एका दिवशी नाचायला गेली असतीस का?” गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, “गेले असते ताई, पण घरी येऊन रडले असते.” दुसरीने ठाम सांगितलं, नसते गेले. दोघींना बोलू द्यावं, घाई करू नये.

शेवटी पडद्यावर सगळे एकत्र नाचतात. तिथेच टीव्ही बंद केलात तर मुलांना अर्धंच सांगितल्यासारखं होईल. हा कार्यक्रम बाल्टिमोरच्या ‘बडी डीन शो’वरून घेतलाय. तो १९५७ ला सुरू झाला आणि १९६४ ला बंद पडला. गोऱ्या-काळ्या मुलांना रोज एकत्र नाचू देण्यापेक्षा वाहिनीने कार्यक्रमच बंद झालेला पत्करला. हे ऐकल्यावर मुलं चिडतात. चिडू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काळाराम मंदिराकडे चालत जातो. यातली बरीच मुलं लहानपणापासून तिथे येतात. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही, एवढंच मी सांगते. मग त्यांना चारही दरवाजे दाखवते, प्रत्येकापाशी थोडा वेळ उभं करते.


परत क्लासवर आल्यावर पुन्हा मॅडिसन. या खेपेला चाल पुकारायचं काम आदल्या दिवशी सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या मुलाकडे द्या.