कोकण किनाऱ्यावर तंबूत मुक्काम: चौघांच्या सामानाला किती खर्च येतो आणि तो कुठे करावा

कुटुंबासह तंबूत राहायचे ठरले की बहुतेक जण आधी सामानाची यादी शोधतात आणि मग यादीबरहुकूम खरेदी करतात. अडचण अशी की या याद्या बहुधा थंड डोंगराळ प्रदेशासाठी केलेल्या असतात. त्या पाहून जाड स्लीपिंग बॅगांवर आठ-दहा हजार रुपये खर्च होतात, आणि किनाऱ्यावर पहिल्याच दुपारी तंबूच्या खुंट्या वाळूतून अलगद उपटून येतात. कोकणच्या किनारपट्टीला जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा 15 अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात गारवा जास्त असतो, पण आपण तंबू लावणार तो खाली समुद्राजवळ. इथे गाठ पडते ती वारा, दव, खारी हवा आणि डास यांच्याशी, आणि पैसा लावायचा तो त्यांच्या बंदोबस्ताला.

खरेदीपूर्वी एकच प्रश्न प्रामाणिकपणे सोडवावा: वर्षाला रात्री किती होणार? कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत त्याचा भरवसा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुटी असली तरी त्या उकाड्यात नायलॉनच्या तंबूत लहान मुलांना झोपवणे ही शिक्षाच आहे, शिवाय मेच्या उत्तरार्धात वळवाची सर केव्हा येईल याचा नेम नसतो. उरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ, आणि त्यात नोकरदार आईवडील व शाळकरी मुले यांच्या सुट्या जुळून येतात त्या नाताळाला, प्रजासत्ताक दिनाला आणि दिवाळी उशिरा आली तर तेव्हा. उत्साही कुटुंबाच्याही वर्षाला पाच-सहा रात्रींहून अधिक होत नाहीत.

आता हिशेब मांडू. खालील आकडे अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. दुकानागणिक आणि हंगामागणिक ते बदलतील, तेव्हा आपापले आकडे घालून बेरीज पुन्हा करावी. चौघांच्या साध्या दुहेरी आवरणाच्या तंबूला आठ हजार, दोन ताडपत्र्यांना अठराशे, चार फोमच्या चटयांना दोन हजार, दिव्यांना दीड हजार, शेगडी आणि लहान सिलिंडर मिळून तीन हजार, तोटीच्या वीस लिटर कॅनला चारशे, दोरी-खुंट्या-पिशव्यांना सहाशे आणि औषधपेटी व डासांच्या मलमाला पाचशे. एकूण सतरा हजार आठशे. घरगुती निवासात चौघांच्या खोलीला एका रात्रीचे अडीच हजार पडतात आणि एखाद्या वाडीच्या मालकाने विहिरीचे पाणी व शौचालयासह तंबू लावू देण्याचे माणशी दोनशे घेतले असे धरले, तर एका रात्रीमागे सतराशे रुपये वाचतात. म्हणजे अकराव्या रात्री सामानाचे पैसे वसूल होतात. वर्षाला पाच-सहा रात्री होणार असतील तर दोन हंगाम लागतील. वर्षाला दोन रात्रींची एखादीच सहल होणार असेल तर पाचाहून अधिक वर्षे, आणि निष्काळजीपणे ठेवलेला तंबू कोकणातले पाच पावसाळे काढत नाही.

म्हणून पहिल्या हंगामात तंबू विकत घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई-पुण्यात गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या काही दुकानांत तंबू भाड्यानेही मिळतात, अनामत रक्कम परत मिळते, आणि दोन रात्रींत कळून चुकते की घरातल्या मंडळींना हे मानवते की नाही. अंथरूण, दिवे आणि स्वयंपाकाची भांडी मात्र भाड्याने घेण्यात अर्थ नाही, कारण त्यांतले बरेचसे घरातच असते आणि जे घ्यावे लागते ते सहलीखेरीज वीज गेल्यावर किंवा पाहुणे आल्यावरही उपयोगी पडते.

तंबू घ्यायची वेळ येईल तेव्हा त्यावर लिहिलेल्या माणसांच्या संख्येवर विसंबू नये. चौघांचा तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून झोपतील एवढी जागा, ज्यात माणशी साधारण दोन फूट रुंदी मिळते. बॅगा, पाण्याची बाटली आणि झोपेत लोळणारे मूल यांना त्यात जागा नसते. दोन मोठी माणसे आणि दहा वर्षांच्या आतली दोन मुले असतील तर चौघांचा तंबू चालतो, मुले मोठी असतील तर सहा जणांचा घ्यावा किंवा दोन लहान तंबू घ्यावेत. दोन लहान तंबूंचा पर्याय मला अधिक पटतो, कारण ते वाऱ्याला कमी अडतात, एक फाटला तरी दुसरा राहतो आणि पुढे मुले मित्रांबरोबर जाऊ लागली की एक त्यांना देता येतो.

कापडाच्या जलरोधकतेचा आकडा, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते तो, मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. आपण पावसाळा टाळून जाणार असल्याने 1500 ते 2000 पुरेसा आहे, त्याहून अधिकासाठी जादा पैसे मोजू नयेत. ते पैसे दुहेरी आवरणावर खर्च करावेत: आत जाळीचा तंबू आणि वर सुटे छत. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत माणसांच्या श्वासातली वाफ रात्री गार कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडू लागते. बाहेरून दव आणि आतून हे पाणी असा दुहेरी भिजवा होतो. समोरासमोर दोन दारे किंवा एक दार आणि त्यासमोर मोठी खिडकी असणेही इथे चैनीत मोडत नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, आणि दोन्ही बाजू मोकळ्या असतील तरच हवा आरपार खेळते. जाळी बारीक आहे ना, चेन अडकत नाही ना, हे दुकानातच पाच-सात वेळा उघडझाप करून पाहावे. काठ्या फायबरग्लासच्या असतील तर त्यांच्या सांध्यांवरच्या लोखंडी नळ्या खाऱ्या हवेने गंजतात; परवडत असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या घ्याव्यात.

तंबूसोबत येणाऱ्या सळईसारख्या खुंट्या वाळूत निरुपयोगी असतात. वाळूसाठी खास रुंद खुंट्या विकत मिळतात, पण त्याहून भक्कम बंदोबस्त फुकटात होतो. घरात पडलेल्या जाड कापडी किंवा गोणपाटाच्या आठ-दहा पिशव्या बरोबर न्याव्यात. दोरी बांधायच्या जागी हातभर खोल खड्डा खणावा, पिशवीत ओली वाळू भरून तोंड आवळावे, तंबूची दोरी पिशवीच्या मधोमध बांधावी आणि पिशवी खड्ड्यात आडवी ठेवावी, अशी की दोरी तिरकी वर येईल. मग वाळू लोटून पायांनी चेपावी. वारा दोरी ओढतो तेव्हा पिशवीवरच्या वाळूचे सगळे वजन त्याला उचलावे लागते, त्यामुळे दुपारच्या जोरदार वाऱ्यातही तंबू हलत नाही. उठताना वाळू तिथेच ओतून पिशव्या परत आणता येतात. दोरी मात्र पर्यटकांच्या दुकानातून घेऊ नये. रत्नागिरीचे मिरकरवाडा असो की दापोलीजवळचे हर्णे, मासेमारी बंदरालगत जाळ्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत उन्हाला आणि खाऱ्या पाण्याला टिकणारी दोरी मिळते आणि ती स्वस्त पडते.

ताडपत्र्या दोन लागतात, एक तंबूखाली आणि एक सावलीसाठी. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा वीतभर लहान दुमडावी, नाहीतर बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेले दव तंबूखाली ओघळते. सावलीची ताडपत्री सुरूच्या झाडांमध्ये ताणावी. माडाखाली तंबूही लावू नये आणि बैठकही मांडू नये, कारण नारळ किंवा वाळकी झावळी केव्हा पडेल ते सांगता येत नाही. पावसाळ्याआधी गावोगाव ताडपत्र्यांचे ढीग लागतात, तेव्हाच त्या घेऊन ठेवल्या तर निवडीला वाव राहतो.

सर्वांत महागडे नुकसान भरतीच्या पाण्याने होते आणि ते टाळायला कोणतेही उपकरण लागत नाही. तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उधाणाचे सर्वांत मोठे पाणी भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास चढते, जेव्हा सगळे गाढ झोपेत असतात. चांदण्या रात्रीच्या हौसेने पौर्णिमा निवडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ठिकाणानुसार वेळ पुढेमागे होते, म्हणून मासेमारी करणाऱ्या स्थानिकांना विचारावे आणि वाळूवर सुकलेल्या काटक्या-शेवाळाची रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर, शक्यतो पुळणीमागच्या वाडीत, परवानगी घेऊन तंबू लावावा. उघड्या किनाऱ्यावर थांबायचे असेल तर ग्रामपंचायतीत विचारणा करणे आवश्यक आहे.

अंथरुणासाठी फोमच्या चटया एवढीच खरेदी. हवेच्या गाद्या वाळूच्या कणांनी आणि सुरूच्या बोंडांनी पंक्चर होतात, आणि रात्री दोन वाजता हवा भरत बसावे लागते. चटईवर गोधडी, अंगावर चादर आणि पहाटेसाठी एक पातळ रजई, हे सगळे घरचेच. स्लीपिंग बॅगेची गरज नाही.

स्वयंपाकात सिलिंडरचा विचार आधी करावा. बाजारात कुठेही भरून मिळणाऱ्या बिनखात्रीच्या छोट्या टाक्या घेऊ नयेत. गॅस एजन्सीत ओळखपत्र दाखवून अधिकृत पाच किलोचे सिलिंडर मिळते. साधी शेगडी तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळते, तेव्हा एक सिलिंडर पंचवीस तासांच्या आसपास चालते, म्हणजे चौघांच्या कित्येक सहली. मात्र कोकण रेल्वेने किंवा एसटीने जाणार असाल तर हा खर्च यादीतून काढून टाकावा. रेल्वेत गॅस वा रॉकेल नेणे हा रेल्वे कायदा, 1989 अन्वये गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. अशांनी वाडीच्या मालकाकडेच जेवणाची सोय सांगावी. तिथे मिळणाऱ्या ताज्या मासळीच्या कालवणाची बरोबरी आपल्या शेगडीवर होत नाही, हेही खरेच. स्वतः रांधणार असाल तर तीन लिटरचा कुकर, एक टोप, एक तवा आणि पळी-चिमटा पुरे. कुळथाची पिठी आणि भात अर्ध्या तासात होतो. वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वापरता येतो, पण बर्नर थेट सिलिंडरवर बसवलेला असेल तर पत्रा चारी बाजूंनी लावू नये, कारण उष्णता कोंडून टाकी तापते.

दिव्यांत एक कपाळाला बांधायचा आणि एक टांगायचा, दोन्ही मंद करता येणारे असावेत. भगभगीत दिव्यांवर पैसे घालवणे दुहेरी चूक आहे: किडे गोळा होतात, आणि वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात, त्यांच्या माद्या आणि पिल्ले प्रखर उजेडाने भरकटतात. अशा किनाऱ्यालगतच्या वाडीत मुक्काम असेल तर समुद्राच्या बाजूला उजेड जाऊ देऊ नये.

सामान किती वर्षे टिकते यावर खरा खर्च ठरतो, आणि ते घरी परतल्यावरच्या दोन दिवसांत ठरते. तंबू झटकून वाळू काढावी, चेन आणि काठ्यांचे सांधे गोड्या पाण्याने धुवावेत, कापड ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवावे. कडक उन्हात दिवसभर पसरून ठेवल्यास कापड विरते. चेनवर मेणबत्ती घासली की ती सुरळीत चालते. पुढचा प्रश्न पावसाळ्याचा. तंबूच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि सततच्या दमटपणात तो हळूहळू विघटन पावून चिकट होतो, उग्र वास मारतो आणि पापुद्रे सुटू लागतात. एकदा हे सुरू झाले की दुरुस्ती परवडत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर तंबू त्याच्या घट्ट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नये. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवावा आणि श्रावणात उघडीप मिळाली की एकदा काढून वारा द्यावा. ज्यांच्या घरी पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, त्यांनी घाटावरच्या नातेवाइकांकडे तो चार महिने ठेवलेला बरा.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून सामान घेतले तर माणशी खर्च पुष्कळ उतरतो, पण तंबू वाळवून कोणी ठेवायचा हे आधीच ठरवावे, कारण भागीदारीतला तंबू बहुधा ओलाच घडी होतो. वापरलेला तंबू विकत घेणार असाल तर तो विकणाऱ्याच्या दारात पूर्ण उभा करायला सांगावा. छताची आतली बाजू हाताला चिकट लागली किंवा शिवणीवरची पट्टी नखाने सहज उचलली गेली, तर निम्म्या किमतीतही तो घेऊ नये. काठी मोडलेली किंवा खुंट्या कमी असल्या तर मात्र तेवढे पैसे कमी करून घ्यायला हरकत नाही, ते भाग सुटे मिळतात.