द्राक्षाच्या काड्यांचा कोळसा उन्हावर कसा करायचा: छोटा सोलर रिअ‍ॅक्टर बांधायची पद्धत

एप्रिलमधे द्राक्षबागांची खरड छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव सगळीकडे बांधावर काड्यांचे ढीग लागतात आणि त्यातले बरेचसे तिथंच पेटवून दिले जातात, आणि नेमकं त्याच महिन्यात नाशिकचं ऊन असं असतं की दुपारी बागेत उभं राहवत नाही. आरशांनी हे ऊन एका जागी गोळा करायचं आणि त्यावर बंद डब्यात काड्यांचा कोळसा करायचा, न पेटवता. हा सोलर कुकर नाही बरं का, इथं आत खरी रासायनिक क्रिया होते, लाकडातलं सेल्युलोज आणि लिग्निन तुटतं, गॅस बाहेर पडतो आणि कार्बन मागे राहतो.

कल्पना जुनीच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ प्रिस्टलीने १७७४ मधे भिंगाने ऊन पाऱ्याच्या ऑक्साइडवर पाडूनच ऑक्सिजन काढला (तो प्रयोग घरी अजिबात करू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते). फ्रान्समधे ओदेयो गावची सौरभट्टी ३००० डिग्रीच्या वर जाते, जर्मनीत युलिशला २०२४ मधे सौरउष्णतेवर इंधन बनवणारा सिनहेलियन कंपनीचा प्लांट सुरू झाला. आपल्या जवळ शिर्डीच्या प्रसादालयावर शेफ्लर डिश (ऊन एका जागी पाडणाऱ्या आरशांच्या मोठ्या छत्र्या) बसवल्यात त्या मात्र वाफेवरच्या स्वयंपाकासाठी आहेत, रिअ‍ॅक्शनसाठी नाहीत.

आधी रिअ‍ॅक्शन ठरवा, डिश नंतर. ऊन शंभर पट गोळा केलं तर अगदी आदर्श काळी वस्तूसुद्धा साधारण ८०० डिग्रीपर्यंतच तापते, हजार पट केलं तर १६५० च्या आसपास. म्हणून चुनखडी भाजायला ९०० लागतात ते घरगुती डिशच्या हाताबाहेर, आणि सिरियम ऑक्साइड वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायचा तर १५०० लागतात, तो विषय सोडूनच द्या. कोळशाला ४५० डिग्री पुरतात, म्हणून सुरुवात इथून.

डिशसाठी केबलवाल्यांची जुनी ६ फुटी जाळी नसलेली, भरीव पत्र्याची छत्री भंगारात शोधा. डीटीएचची छोटी छत्री नको आणि खोलगट सोलर कुकरची डिशही नको, तिची किरणं बाजूने येतात आणि आपल्या रिअ‍ॅक्टरचं तोंड खाली असतं त्यामुळे कडेची किरणं वाया जातात. फोकस काढायचा हिशोब सोपा आहे, व्यासाचा वर्ग भागिले सोळा पट खोली. व्यास १८३ सेंमी आणि मधली खोली २८ सेंमी भरली तर फोकस ७५ सेंमीवर. आतून एक इंची आरशाचे चौकोनी तुकडे सिलिकॉनने चिकटवा, काचवाला उरलेल्या आरशातून कापून देतो. चिकटवताना घाई करू नका, तुकडा थोडा जरी तिरका बसला तरी त्याचं ऊन भलतीकडे जातं. तपासायला पौर्णिमेचा चंद्र वापरा! आकाशात चंद्र आणि सूर्य दिसायला जवळपास सारख्याच आकाराचे आहेत त्यामुळे पांढऱ्या पुठ्ठ्यावर चंद्राचा ठिपका जसा पडेल तसाच उन्हाचा पडणार, आणि डोळ्याला, हाताला काही धोका नाही. ठिपका ८-१० सेंमीत मावला की डिश झाली.

आता मुख्य गोष्ट, रिअ‍ॅक्टर. बहुतेक लोक डिश मोठी करत बसतात, पण खरा प्रश्न मिळालेली उष्णता डब्यात टिकवायचा आहे. ही डिश निरभ्र दुपारी, आरशाचे आणि निशाण्याचे लॉस धरून, हजार-अकराशे वॅट आत देते. ४ इंची पाइपचा २० सेंमी लांब काळा डबा उघडाच फोकसला धरला तर ४५० डिग्रीला तो एकटाच दीड हजार वॅटच्या वर बाहेर फेकतो, म्हणजे तो ४५० ला कधी पोचणारच नाही, साडेतीनशेच्या आसपास अडकून बसेल आणि वारा सुटला तर त्याच्याही खाली, काड्या तपकिरी भाजतील पण धड कोळसा होणार नाही. तोच डबा चहूबाजूंनी झाकला आणि ऊन आत यायला फक्त १२ सेंमीचं भोक ठेवलं तर लॉस तीनशे-साडेतीनशे वॅटवर येतो. डिश तीच, आरसे तेच, आणि उरलेले सातशे वॅट आता काड्यांना मिळतात.

बांधायचं असं. तेलाचा १५ किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या, वरची बाजू पूर्ण कापा, तळाला १२ सेंमीचं गोल भोक पाडा. आत १४ सेंमी व्यासाची पत्र्याची नळी उभी करा आणि नळी व डबा यांच्यामधे सिरॅमिक वूल (उष्णता अडवणारं, कापसासारखं भट्टीचं अस्तर) दाबून भरा, नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत भट्टी-बॉयलरचं सामान मिळतं तिथं विचारा. वूल हाताळताना मास्क आणि ग्लोव्हज, त्याचे तंतू फुप्फुसात जाता कामा नयेत. नळीत आपला कोळशाचा डबा, म्हणजे ४ इंची एमएस (साध्या लोखंडाच्या) पाइपला वेल्डिंगवाल्याकडून तळ लावून घेतलेला, तो भोकापासून ८-१० सेंमी वर टांगा म्हणजे ऊन आत शिरून तळावर आणि भिंतींवर पसरेल, एका ठिपक्यात तळ जाळणार नाही. पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा असलेला) चुकूनही नको, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो. आणि हे लक्षात ठेवा, फोकसवर भोकाचं तोंड यायला पाहिजे, कोळशाच्या डब्याचा तळ नाही. तळ फोकसला आणला तर किरणं भोकाच्या कडेलाच अडतात आणि पत्रा जळतो.

गॅस जायला कोळशाच्या डब्याच्या झाकणातून पाऊण इंची पाइप काढा, यापेक्षा बारीक नको, डांबर जमून चोंदतो. त्यावर व्हॉल्व्ह बसवायचा नाही, कधीच नाही. झाकणही बोल्टने आवळू नका, दोन स्प्रिंगच्या हुकांनी धरा आणि खाली सिरॅमिक दोरी ठेवा, पाइप चोंदलाच तर झाकण उचलून गॅस सुटेल. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात फक्त एक-दीड सेंमी बुडवा, पण मधे एक मोठी रिकामी बरणी हवीच हवी. का ते सांगतो. मे महिन्यात दुपारी वळवाचा ढग सूर्यावर आला की डबा झपाट्याने गार होतो, आत दाब कमी होतो आणि बादलीतलं पाणी उलट ओढलं जातं, तापलेल्या डब्यात ते पाणी पडलं तर क्षणात वाफ होऊन झाकण उडेल. बरणी असेल तर पाणी तिच्यातच अडकतं.

स्टँडचा दांडा उत्तरेला ध्रुवताऱ्याकडे रोखा, नाशिकला म्हणजे जमिनीपासून २० अंश वर, मग सूर्यामागे जायला एकाच दांड्याभोवती फिरवावं लागतं, दर ४-५ मिनिटांनी हलकासा हात. एलएनबीचे (छत्रीसमोर सिग्नल पकडणाऱ्या भागाचे) जुने पाय रिअ‍ॅक्टरचं वजन पेलत नाहीत, अँगलचे नवीन पाय लावा आणि मागे काउंटरवेट द्या. नाशिकचा इथं एक मोठा फायदा आहे, २० मेच्या आसपास दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, डिश आकाशाकडे आणि भोक सरळ खाली, त्यामुळे गरम हवा आतच कोंडून राहते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला सूर्य कललेला असतो, भोक तिरकं होतं आणि गरम हवा निसटते, तेव्हा थोडा जास्त वेळ धरा. पावसाळ्यात नाद सोडा, ढगातून आलेलं पसरट ऊन आरशाने गोळा होत नाही.

चालवायच्या दिवशी काड्या दोन-तीन आठवडे वाळवलेल्या, बोटभर तुकडे केलेल्या. ओल्या टाकल्या तर सगळं ऊन पाणी उडवण्यात जातं. साधारण ३०० ग्रॅम मावतात. डिश ताडपत्रीने झाकूनच सूर्याकडे वळवा, साडेदहा-अकराला ताडपत्री काढा. डोळ्याला वेल्डिंगचा गॉगल, साधा काळा चष्मा चालत नाही. झाकणातून बंद टोकाच्या नळीत के-टाइप थर्मोकपल (जास्त तापमान मोजायची तार) सोडा. आकडा १०० च्या आसपास बराच वेळ थांबतो आणि बादलीजवळ पांढरी वाफ दिसते, ते पाणी. मग आकडा चढायला लागतो, ३०० च्या पुढे बुडबुडे जोरात येतात, धूर पिवळसर आणि नाकाला झोंबणारा होतो, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि डांबर असतं. ४०० च्या वर बुडबुडे मंदावतात, धूर विरळ होतो. ४५० ला बुडबुडे जवळजवळ थांबले की झालं, चांगल्या उन्हात पाऊण तास ते तास. या गॅसमधे कार्बन मोनॉक्साइड असतो म्हणून हे काम उघड्यावरच, शेडमधे किंवा पॉलिहाउसमधे नाही.

आधी ताडपत्री टाका, मगच पाइप पाण्यातून काढा आणि त्याच्या टोकाला ओला चिखल लावून बंद करा, नाहीतर आत हवा जाऊन कोळसा पेटतो. पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, संध्याकाळ झाली तरी चालेल. डिश कधीही उघडी सोडून जाऊ नका, सूर्य सरकला की फोकसही सरकतो आणि वाळक्या गवतावर जाऊन बसतो.

३०० ग्रॅमला ८० ते १०० ग्रॅम कोळसा आला तर बरोबर. काडी मोडून बघा, कडकन तुटली आणि आतपर्यंत काळी असली तर क्रिया पूर्ण, गाभा तपकिरी निघाला तर तापमान किंवा वेळ कमी पडला. खूप जास्त वजन भरलं तरी तोच अर्थ. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेल्या बागेच्या काड्यांतलं तांबं उडून जात नाही, ते कोळशातच राहतं, म्हणून हा कोळसा पाणी गाळायला किंवा चुलीला वापरू नका, आणि मातीत टाकायचा तर आधी तांब्यासाठी माती परीक्षण करून घ्या, जुन्या बागांत ते आधीच जास्त असू शकतं.