बसत नाही म्हणून दाबू नका: कॅबिनेटमधल्या कनेक्टरच्या या चुका टाळा

नागपूरच्या बर्डीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर बसून मला वीस वर्षं उलटून गेली. या काळात खरोखर जळालेले प्रोसेसर बोटांवर मोजावे एवढेच पाहिले. वाकलेल्या पिना, तुटलेली लॉकं, काळे पडलेले कनेक्टर मात्र दर आठवड्याला येतात, आणि परीक्षा संपून पोट्टे स्वतः पीसी जोडायला बसले की रोज येतात. सोबत एक ठरलेला प्रश्नही येतो: "काका, आतले कनेक्टर एवढे जाडे काहून बनवते? मोबाईलची केबल पाहा, कशी बारीक आहे."

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. घरातला ६०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर अडीच अँपियरच्या आसपास करंट घेतो. तेवढीच वीज कॅबिनेटच्या आत १२ व्होल्टवर द्यायची तर ५० अँपियर लागतात. पिन जिथे पिनेला टेकते तिथे थोडा रोध असतोच, आणि तिथली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की गरमी चौपट. म्हणून करंट अनेक पिनांत वाटून द्यावा लागतो आणि पिनांमध्ये अंतर ठेवावं लागतं. मदरबोर्डच्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये दोन पिनांतलं अंतर ४.२ मिलिमीटर आहे, त्यामुळे तो पाच सेंटिमीटरच्या वर जातो. डेटाची केबल बारीक करता आली: हार्ड डिस्कच्या चाळीस पिनांच्या चपट्या पट्ट्याची जागा २००३ पासून 'साटा' नावाच्या सात पिनांच्या केबलने घेतली. वीज तशी बारीक होत नाही.

जाडीचं दुसरं कारण माणसाचा हात. एटी या जुन्या पद्धतीच्या कॅबिनेटच्या काळात मदरबोर्डला सहा-सहा पिनांचे दोन वेगळे कनेक्टर लागायचे, आणि त्यांची अदलाबदल झाली तरी ते बसायचे. बोर्ड जागीच जायचा. "काळ्याला काळी" हे आम्हाला पहिल्या दिवशी पाठ करायला लावलं होतं: दोन्ही कनेक्टरच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. १९९५ मध्ये एटीएक्स ही नवी पद्धत आली, दोघांचा मिळून २० पिनांचा एकच कनेक्टर झाला, पुढे २००३ च्या सुमारास त्याचे २४ झाले. त्याच्या पिनांची काही घरं चौकोनी आहेत, काहींचे कोपरे कापलेले, आणि एका बाजूला लॉक. उलटा घातलाच जाऊ नये म्हणून तो असा आहे. त्यामुळे कनेक्टर अडतो तेव्हा तो तुम्हाला काहीतरी सांगत असतो, आणि बहुतेक चुका तिथे न थांबल्यामुळे होतात.

जुनी केबल, नवा एसएमपीएस

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण इथे कनेक्टर अडत नाही. मुकाट्याने बसतो आणि मशीन मारतो.

काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, रात्री नऊला दुकान आवरत होतो. एक फोटोग्राफर दोन हार्ड डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून घेऊन आला. चेहरा पांढरा पडलेला. त्याचा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधल्या सगळ्यांना वीज देणारा डबा, गेला होता. भाच्याने नवा आणून बसवला. दोन्ही मॉड्युलर, म्हणजे केबल एसएमपीएसच्या बाजूनेही निघणाऱ्या. जुन्या केबल बोर्डच्या मागून छान बांधलेल्या होत्या. त्या सोडवायचा कंटाळा केला आणि त्यांचंच दुसरं टोक नव्या एसएमपीएसमध्ये घातलं. हातमोज्यासारखं बसलं. बटन दाबल्यावर बारीक 'टक' आवाज, मग करपल्याचा वास. चार लग्नांचे फोटो त्या दोन डिस्कवर, दुसरी कॉपी कुठेच नाही.

मी केबल मागवून घेतली आणि मीटर लावला. जिथे ५ व्होल्ट यायला हवे तिथे १२ येत होते.

कारण एवढंच की डिस्कच्या आणि मदरबोर्डच्या बाजूचं टोक प्रमाणित आहे, एसएमपीएसच्या बाजूचं नाही. तिथे कोणत्या पिनेवर काय द्यायचं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो. प्लास्टिकचं घर मात्र सगळे सारख्याच जातीचं वापरतात, म्हणून ते बसतं. तारा सगळ्या काळ्या असल्यामुळे रंगावरूनही काही कळत नाही.

एक डिस्क वाचली. बऱ्याच डिस्कच्या बोर्डवर वीज आत येते तिथेच एक संरक्षक डायोड असतो; व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. तो शॉर्ट झालेला डायोड काढला, डिस्क फिरली, आणि सगळा डेटा लगेच दुसरीकडे उतरवला. दुसऱ्या डिस्कच्या मोटर चालवणाऱ्या चिपला भोकच पडलं होतं. तिला त्याच मॉडेलचा बोर्ड शोधावा लागला आणि जुन्या बोर्डवरची रॉम चिप काढून नव्यावर लावावी लागली, कारण त्या डिस्कची स्वतःची मापं त्या चिपमध्ये असतात. नुसता बोर्ड बदलून भागत नाही. ते काम डेटा काढणाऱ्यांकडे गेलं, दीड महिना लागला, आणि तरीही एका नवरीच्या हळदीचे फोटो परत आले नाहीत. तो माणूस त्या घरी सांगायला कसा गेला असेल, हे मला अजून आठवतं.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. एसएमपीएस बदलायला आला की आधी जुन्याची एक-एक केबल बाहेर काढतो, अर्धा तास गेला तरी चालेल, आणि ती जुन्या एसएमपीएसलाच टेपने बांधून टाकतो. टेपवर मार्करने मॉडेलचं नाव. सुट्या केबलची पिशवी मी दुकानात ठेवतच नाही. नव्याला त्याच्याच डब्यातली केबल, आणि डिस्क लावण्याआधी एसएमपीएस टेस्टर. "भाऊ, एवढं काहून करून राहिले, लागते ना ते" असं गिऱ्हाईक म्हणतं. लागतं, हाच तर त्रास आहे.

समोरच्या यूएसबीचा निळा ठोकळा

सगळ्या कनेक्टरची बाजू मी घेत नाही. यूएसबी ३.० चा आतला कनेक्टर खरंच वाईट घडवला आहे. दोन ओळींत मिळून १९ पिना, त्याही बारीक आणि फक्त २ मिलिमीटरच्या अंतराने. त्यावर पेन्सिलीएवढी जाड, ताठ केबल, आणि पकडून ठेवायला लॉक नाही. केबल वळवली की तिचा सगळा ताण त्या नाजूक पिनांवर येतो. नवशिक्याने इथे पिन वाकवली तर मी त्याच्यावर रागावत नाही. दुसऱ्यांदा वाकवली तर रागावतो.

हिंगणा रोडवरून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी बोर्ड घेऊन आला. मशीन सुरू व्हायचं, स्क्रीनवर यूएसबीत जास्त करंट जातोय असा संदेश यायचा आणि पंधरा सेकंदांत सगळं बंद. त्याने रॅम बदलून पाहिली, प्रोसेसर काढून लावला, बायोस रिसेट केलं. दोन रात्री जागला होता. मी टॉर्च मारला तर कोपऱ्यातली पिन आडवी होऊन शेजारणीला टेकलेली. "घालताना अडलं होतं का?" म्हटलं. तर म्हणाला, "हो काका, मग जरा जोर लावला." केबलच्या तोंडात एक घर बुजवलेलं असतं आणि बोर्डवर त्या जागी पिन नसते. प्लास्टिकच्या कडेला खाचही असते. त्याने ते पाहिलंच नव्हतं, ग्राफिक्स कार्डच्या खालून अंदाजाने घातलं होतं.

वाकलेली पिन मी इंजेक्शनच्या जाड पोकळ सुईने सरळ करतो. सुईचं टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट केलेलं आहे. सुई पिनेवर चढवायची आणि मुळापासून हळूहळू उभी करायची, एका दमात नाही. चिमट्याने करू नका. पिन जिथे चिमट्यात धरली तिथेच पुन्हा वाकते. एकदा वाकलेली पिन सरळ होते. त्याच जागी दुसऱ्यांदा वाकली की बहुतेक वेळा हातात येते.

काढतानाही एक धोका आहे. बोर्डवरचं प्लास्टिकचं कुंपण नुसतं पिनांवर बसवलेलं असतं, आणि केबल ओढली की तेही कनेक्टरसोबत उपटून येतं. मी एका हाताच्या नखाने कुंपण दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने कनेक्टर लांबीच्या दिशेने तीळ-तीळ डोलवत वर घेतो. लावायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधीच लावतो. टाइप-सीसाठी आता बोर्डवर जो लहान कनेक्टर येतो तो यापेक्षा कितीतरी शहाणा आहे.

आता बाकीचे कनेक्टर थोडक्यात. २४ पिनांचा मुख्य कनेक्टर घालताना बोर्ड वाकतो, कारण चोवीस पिनांची पकड एकदम जिंकायची असते. बोर्डच्या काठाखाली दुसऱ्या हाताची बोटं ठेवा. काढताना आधी लॉक पूर्ण दाबा. लॉक न दाबता ओढणाऱ्यांची मी सॉकेटं बदलली आहेत, आणि ते काम स्वस्तात होत नाही.

सीपीयूची (प्रोसेसरची) आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची केबल सारखी दिसते, सारखी नाही. दोन्हीत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या ओळी उलट्या आहेत. पकडीने दाबून बसवलेली पाहिली आहे. केबलवर लिहिलेलं असतं, वाचा.

साटा पॉवर तारेला धरून ओढू नका. आतली 'एल' आकाराची जीभ तुटली की डिस्कला तात्पुरती फेव्हिक्विकने केबल चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून साटा करणारा अडॅप्टर घ्यायचाच असेल तर तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला घेऊ नका. तो आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेतो. ज्यात तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या.

पॉवर बटनाच्या बारीक तारा उलट लागल्या तरी चालतात. एलईडीच्या उलट लागल्या तर फक्त दिवा लागत नाही. यासाठी घाबरून रात्री अकराला फोन करू नका.

ग्राफिक्स कार्डचा नवा १६ पिनांचा कनेक्टर

जाड कनेक्टर नकोत म्हणणाऱ्यांना मी हाच दाखवतो. आठ पिनांची एक केबल १५० वॅटसाठी होती. या एकट्याला ६०० वॅट दिले. म्हणजे तेच ५० अँपियर १२ व्होल्टच्या सहा पिनांतून, पिनेमागे आठच्या वर, आणि पिनांमधलं अंतर ४.२ वरून ३ मिलिमीटरवर आणलं. चुकीला जागा उरली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डचे वितळलेले कनेक्टर जगभर दिसू लागले. २०२३ मध्ये सुधारणा झाली: संकेत देणाऱ्या चार पिना आखूड केल्या आणि वीज नेणाऱ्या जरा लांब, म्हणजे कनेक्टर अर्धवट बसला असेल तर कार्ड वीज ओढायला सुरुवातच करू नये. तरी डोळ्याने बघायचं काम संपत नाही.

मी हा कनेक्टर, कार्ड कॅबिनेटबाहेर हातात असतानाच, एकदा लावून बघतो, पूर्ण बसल्यावर कडेला फट किती दिसते ते लक्षात ठेवतो, मग आत बसवून तेवढीच दिसते का ते टॉर्चने तपासतो. तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत केबल वळवत नाही. काचेचं झाकण लागत नसेल तर कॅबिनेट छोटं आहे. झाकणाने केबल दाबून बसवू नका. उगीच काढघालही नको, हे कनेक्टर साधारण तीस वेळा लावण्या-काढण्यासाठीच बनवलेले असतात. दर रविवारी धूळ पुसताना उपसून काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि आपला कूलर

हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी डेझर्ट कूलर लागतो, आणि खोलीत जागा नसते म्हणून कॅबिनेट नेमकं त्याच्या झोतात येतं. ती हवा ओलसर असते, सोबत वाळ्याचा बारीक भुसा असतो. दोन उन्हाळ्यांत साटाच्या आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर दिसायला लागतो, आणि मशीन सकाळी सुरू होतं, दुपारी होत नाही अशी तक्रार येते. अशा वेळी नवीन काही विकत घेऊ नका. सगळं बंद करा, प्लग काढा, रॅम आणि साटा एकदा काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि परत लावा. मग कॅबिनेट झोतातून दोन हात बाजूला सरकवा, आणि जमिनीवर असेल तर खाली लाकडी पाट ठेवा, कारण कूलरची टाकी एक ना एक दिवस सांडतेच.